उजवा कौल आणि महिन्याची नोटीस

१२ सप्टेंबर १९८२, रविवार

शिरोडकर काल परत तेच म्हणाला. "परबबाई, इथे सडताय तुम्ही." तो आमच्या ऑफिसचा ड्राफ्ट्समन, मी ट्रेसर. त्याने पेन्सिलीने नकाशा काढायचा, मी त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून शाईने उतरवायचा. गिरगावातल्या त्या माडीवर सात वर्षं हेच चाललंय. शि.चं म्हणणं, असं अक्षर आणि अशी एकसारखी रेघ बाहेर कुणाकडे नाही, आणि बाहेर शीटवर पैसे देतात. एका शीटचे तीस. तो स्वतः संध्याकाळी दोन ठिकाणची कामं करतो, ऑफिसचे मालक आपटेसाहेब, त्यांना पत्ता नाही.

माझा पगार सहाशे चाळीस. मनात भागाकार केला. बावीसेक शीटं केली की पगार निघतो, त्यापुढचं सगळं वर. लगेच स्वतःचाच राग आला. संपामुळे बाबांची गिरणी बंद, घरात एकच पगार येतोय आणि ही बाई भागाकार करतेय. मग परत केला.

बाबांची खुशाली नाही. गणपतीला गावी गेले ते तिकडेच. त्यांच्या साळखात्यातले, म्हणजे मागावरचे, निम्मे लोक असेच गावाला जाऊन बसलेत. संप मिटेपर्यंत इथे आईच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा भातकापणी तरी होईल, म्हणाले.

१५ सप्टें.

आईला सांगितलं. भांडी घासत होती, हात थांबला नाही. "म्हणजे घराकच बसतलंस?"

घरी बसून काम म्हणजे पापड लाटणं, एवढंच तिच्या डोक्यात. समजावलं. तीन-चार आर्किटेक्ट, प्रत्येकाचं थोडं थोडं काम, वर साहेब कुणी नाही. मग पगार कोण देणार, तिने विचारलं. म्हटलं, सगळे देणार. "सगळे म्हणजे कोणच नाय," ती म्हणाली आणि परत तवा घासायला लागली.

शिवाय शनिवारपासून अधिक महिना लागतोय. अधिकात नवं काही सुरू करत नाहीत. विषय संपला, निदान महिनाभर.

१९ सप्टें. रविवार

सोडली तर काय काय जाईल. फंड थांबेल. दिवाळीचा बोनस जाईल, जो देताना आपटेसाहेबांचं तोंड दाढ काढल्यासारखं होतं, पण देतात. आजारपणाची रजा जाईल. मागच्या वर्षी कावीळ झाली, महिनाभर पडून होते, पगार आला. शीटवर काम करणाऱ्या बाईला कावीळ परवडायची नाही. आणि तारीख जाईल. एक तारखेला पैसे येतात हे माहीत असणं. आपण त्याला काही किंमतच देत नाही, कारण ते असतंच.

आणि राहिले तर? सहाशे चाळीसात चार माणसं, धाकट्या भावाची, विजूची, बारावी. बाबांचा पगार होता तेव्हा माझ्या पगाराला घरात कुणी पगार म्हणतसुद्धा नव्हतं. 'सुमनचे पैसे' म्हणायचे. त्यातून माझ्या साड्या आणि आईचा एखादा उपास-उद्यापन. आता त्याच पैशात सगळं घर. वाणी अजून उधार देतोय, पण हल्ली माझ्याकडे बघून देतो, आईकडे बघून देत नाही.

म्हणजे राहिले तर हळूहळू बुडतोय, सोडली तर एकदम बुडू. नाहीतर वर येऊ. हे 'नाहीतर' किती मोठं आहे तेच कळत नाही.

२६ सप्टें. रविवार

करून बघायचं ठरवलं. नोकरी न सोडता. अधिक महिन्याला हरकत नसावी, हे नवं काम नाही, तेच जुनं काम नव्या जागी. शि.ने दादरच्या देसाई आर्किटेक्टची चार शीटं आणून दिली, अलिबागकडच्या कुणाचा बंगला.

आमच्या खोलीत ड्रॉइंग बोर्ड मावत नाही हे बोर्ड आणल्यावर कळलं. शेवटी कॉटवर ठेवला आणि मी खाली पाट घेऊन बसले. पहिलं शीट झकास. दुसऱ्याला आईने भाताचं आधण ठेवलं आणि वाफेने ट्रेसिंग फुगलं. शाईची रेघ अर्ध्यावर आणि कागद पापडासारखा वर येतोय. ब्लेडने खरवडलं, नखाने घोटून गुळगुळीत केलं, परत रेघ. मग स्टोव्ह बंद करायला लावला. सगळ्यांनी तीन वाजता जेवायचं. विजू गॅलरीत जाऊन बसला, पोटात कावळे ओरडत होते त्याच्या.

चारही शीटं झाली. हात दुखतोय. पण खोटं कशाला लिहू, मजा आली. शीटच्या कोपऱ्यात 'ट्रेस्ड बाय' म्हणून माझ्या नावाची आद्याक्षरं मी माझ्या हाताने घातली. ऑफिसात साहेबांची घालतात.

२ ऑक्टो.

सुट्टी. देसाईंकडे शीटं पोचवली. चष्मा वर करून बघत राहिले, म्हणाले, इतकं स्वच्छ काम बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. मग खिशातून साठ काढले. बाकीचे क्लायंटकडून आले की. कधी येतील? "येतील हो, जातायत कुठे."

बसने परत येताना साठ रुपये मुठीत. नुसता आनंद होता. लालबागला उतरल्यावर डोकं चालायला लागलं की चार शीटांचे एकशेवीस होतात आणि मी निम्म्यावर खूश आहे.

९ ऑक्टो.

साहेबांकडे पगारवाढ मागितली. आधी हे करून बघायला हवं होतं, हे शहाणपण उशिरा सुचलं. म्हणाले, मार्केट डाउन आहे, सिमेंट मिळत नाही, कामं अडलीत, पुढच्या वर्षी बघू. मग हसून: "का? फ्रीलान्स करायचा विचार आहे की काय?" शि. समोर पेन्सिल तासत बसला होता, त्याने मान वर केली नाही. मी म्हटलं, छे हो.

हा शब्द पहिल्यांदा ऐकला. ऐकायला फार देखणा आहे.

१७ ऑक्टो. रविवार

अधिक महिना आज संपतोय. आईला विसर पडेल असं वाटलं होतं. तिने सकाळीच विषय काढला, म्हणाली, मी तुला अडवणार नाही, पण तुझ्या मनाने नको, माझ्याही मनाने नको. देवाला कौल लावू या.

आमच्या गावी मोठं काही ठरवायचं तर देवळात जातात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या समोर देवाला प्रश्न विचारतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आत्याचं लग्न असं ठरलं. बाबा मुंबईला आले तेही असे. म्हणजे या खोलीत मी जन्माला आले त्याचं मूळ एका पाकळीत आहे.

माझा विश्वास नाही. पण एक मोह झाला. इतके दिवस हे सगळं एकटी वाहतेय, दुसऱ्या कुणी तरी ठरवलं तर बरं. म्हटलं, लावा. शेजारच्या चाळीतले भिकाकाका दसऱ्याला गावी जातायत, त्यांच्याबरोबर बाबांना निरोप: सुमनने ऑफिसची नोकरी सोडून घरी कामं घ्यायची का, असा कौल लावा. आईने त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

२४ ऑक्टो.

काही नाही. देसाईंचे पैसे नाहीत. ऑफिसात शाळेच्या इमारतीची शीटं. जिने, जिने, जिने.

३० ऑक्टो.

भिकाकाका आले. दारातच उभे राहून: "उजवो कौल दिल्यान देवान. चटकन. मी स्वतः उभो होतंय थंय."

आईने हात जोडले आणि रडायलाच लागली. मला वाटलं होतं ती नाराज होईल. ती म्हणाली, आता घोर नाही, आता देव बघेल. भिकाकाकांना चहा, पाठोपाठ शेजारच्या राणेवहिनींना बातमी. संध्याकाळपर्यंत मजल्यावर सगळ्यांना माहीत की परबांच्या सुमनला देवाने सांगितलंय.

विश्वास नसलेल्या बाईने इतकं हलकं वाटून घेऊ नये. पण वाटलं.

१ नोव्हें. सोमवार

दिला. राजीनामा, एका महिन्याची नोटीस. साहेबांनी वाचला, घडी घातली, परत उघडून वाचला. "घरचे काय म्हणतात?" म्हटलं, घरच्यांनीच सांगितलं. कुणी ते सांगितलं नाही.

शि. जिन्यात भेटला तर त्याचा चेहरा उतरलेला. म्हणाला, मला वाटलं तुम्ही हळूहळू कराल. म्हणजे सोडाल असं नव्हतं वाटलं. दोन महिने कानाशी भुणभुण कुणी लावली होती मग? तो स्वतः सोडणार नाहीच म्हणे, त्याची पक्की नोकरी आहे, बायको आहे.

७ नोव्हें. रविवार

तयारी. बोर्ड ठेवायला आईने देव्हाऱ्याखालची ट्रंक हलवली, तिथे लाकडी खोक्यांवर बसला. उजेड खिडकीचा, डावीकडून, चांगला. आईने स्वतः ठरवलंय की दुपारी एकपर्यंत स्टोव्ह पेटवायचा नाही. बोर्डाला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, अगं शाईचा बोर्ड आहे. तर म्हणे, कपाळ आहे ते आता आपलं.

तीन ठिकाणी जाऊन आले. देसाई नक्की देणार, पण नवीन वर्षात. प्रभादेवीचे एक जण म्हणाले, सिमेंट सुटलं की फोन करतो. आमच्याकडे फोन नाही, खालच्या दुकानाचा नंबर दिला. गिरगावातल्या तिसऱ्यांनी दोन शीटं दिली, वीसच्या भावाने. घेतली. नाही म्हणायची ताकद पगाराबरोबर येते बहुतेक.

१४ नोव्हें. रविवार

बाबा आले दिवाळीला. तांदळाचं बोचकं, कोकमं, आणि अंगाने निम्मे. संप सुरू झाला तेव्हा सदरा अंगाला बसायचा, आता लोंबतोय. आल्या आल्या बोर्ड बघितला. हात फिरवला. मी वाट बघत होते, कौलाबद्दल काही सांगतील म्हणून. विजूला अभ्यासाचं विचारलं आणि गिरणीच्या गेटवर जाऊन येतो म्हणून निघून गेले.

१६ नोव्हें. पाडवा

आता लिहायला हवं. लिहिलं की नीट कळतं असं म्हणतात.

दुपारी राणेवहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या आणि बाबांना म्हणाल्या, सुमनसाठी कौल लावलात ते बरं केलंत. बाबांनी ताटातली करंजी घेतली. त्या गेल्यावर आईने सहज विचारलं, गुरवाने गाऱ्हाणं कसं घातलं. बाबा करंजी खात होते, ती ताटात ठेवली. मग म्हणाले, गाऱ्हाणं गिरणीचं घातलं.

आईला कळलंच नाही. मला लगेच कळलं.

त्यांनी सांगितलं ते असं. दसऱ्याला देवळात सगळा गाव उभा. प्रत्येक घरातला एक तरी माणूस गिरणीतला, संपावरचा, कुणाचे दागिने गेले, कुणी गुरं विकली. एकेक जण पुढे होऊन विचारतोय, आणि सगळ्यांचं एकच, गिरणी कधी. बाबांचा नंबर आला. "तेंच्यासमोर, माझ्या चेडवान हातातली नोकरी सोडूची काय, ह्या खयच्या तोंडान इचारू? हय लोकांची पोटा जळतत आणि परबाच्या घरात नोकरी सोडूची भाषा?" म्हणून त्यांनी विचारलं, माझी गिरणी सुरू होईल का, मी परत कामावर लागेन का. उजवा पडला. भिकाकाका मागे गर्दीत होते, त्यांना प्रश्न ऐकूच आला नाही, पाकळी तेवढी दिसली.

प्रश्न बदललात तर तसा निरोप का नाही पाठवलात, मी विचारलं. इतक्या शांतपणे विचारलं की मलाच आश्चर्य वाटलं. तर त्यांनी अगदी मनापासून सांगितलं, त्यात चुकलं काय. गिरणी सुरू झाली की माझा पगार आला, माझा पगार आला की तू काय हवं ते कर. "येकाच कौल झालो मा गो."

त्यांचं चुकत नाही. हिशेब बरोबर आहे. फक्त माझा राजीनामा त्या गिरणीवर उभा आहे, आणि गिरणी बंद आहे.

१७ नोव्हें.

आई एका दिवसात सावरली. उलट खूश आहे. तिच्या मते हा जास्त मोठा कौल. गिरणी सुरू होणार हे देवानेच सांगितलंय, मग सुमनच्या पगाराचं काय घेऊन बसायचं. मला भीती वाटते तिच्या खुशीची.

मला राग कुणाचा यावा तेच समजत नाही. बाबांचा येत नाही. देवळात त्या माणसांसमोर मीही असते तर मीही तोंड उघडलं नसतं. देवाचा यावा तर मी त्याला मानत नाही. उरले मी. विश्वास नाही म्हणत म्हणत पाकळीवर राजीनामा दिला. एखाद्या अडाण्याने केलं असतं तर हसले असते.

२० नोव्हें.

गिरगावच्या दोन शीटांचे चाळीस मिळाले. पूर्ण, रोख. दुकानाच्या फोनवर प्रभादेवीवाल्यांचा निरोप नाही. देसाईंचे साठ नाहीत. दहा दिवसांनी पगाराचा शेवटचा महिना संपतो आणि माझ्या हातात आत्ता एकही काम नाही. नवीन वर्षात, म्हणतायत सगळे. डिसेंबर काय गिळायचा?

बाबा रोज सकाळी गेटवर जातात आणि ताज्या अफवा घेऊन येतात. आज म्हणे दिल्लीत बोलणी. कौल खरा होतोय, आई म्हणाली.

२२ नोव्हें. सोमवार

साहेबांनी आत बोलावलं. नव्या दोन मुली टेस्टला येऊन गेल्या, एकीने शीटवर शाई सांडली, दुसरीचं अक्षर मुंग्यांची रांग. म्हणाले, राजीनामा मागे घ्या. पन्नास वाढवतो. शनिवारी सांगा, सोमवारी पेपरात जाहिरात जाईल, मग माझा इलाज नाही.

पन्नास. सप्टेंबरात दिले असते तर ही वही कोरी राहिली असती.

बसमध्ये रडू येत होतं आणि हसू पण. मागे घ्यायचा. यात विचार करण्यासारखं आहेच काय. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, आई म्हणते तेच. डिसेंबरात पगार, जानेवारीत पगार. देसाईंची कामं रविवारी करेन, शि.सारखी चोरून. चाळीची पायरी चढेपर्यंत सगळं ठरलं होतं.

२३ नोव्हें.

काल सांगायला जमलं नाही. बाबा भिंतीला टेकून गेटवरच्या सभेबद्दल सांगत होते, बोलताना हात असे चालत होते की बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत. आज जमवलं.

जेवताना म्हटलं, साहेबांनी थांबायला सांगितलंय, पन्नास वाढवून. मी राजीनामा मागे घेतेय.

विजू म्हणाला, मस्त. आई म्हणाली, कौल मिळाल्यावर मागे कसा घ्यायचा? बाबांनी हातातला घास खाल्ला, पाणी प्यायले. माझ्याकडे बघून, अगदी हळू म्हणाले, "म्हणजे गिरण सुरू होवची नाय, असा वाटता तुका."

प्रश्न नव्हता तो. मी म्हणायला हवं होतं, तसं नाही बाबा. मी ताटातला भात कालवत राहिले. कारण तसंच आहे. मला वाटत नाही गिरणी सुरू होईल. जूनपासून वाटत नाही. कुणालाच बोललेले नाही, इथेसुद्धा आत्ता पहिल्यांदा लिहितेय.

ते उठून हात धुवायला गेले. बराच वेळ मोरीत पाण्याचा आवाज.

२४ नोव्हें.

घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. आईने सकाळी ऐकवलं: तू मागे घेतलास तर कौल मोडला. उद्या गिरणी नाही उघडली तर तुझ्यामुळे. मी म्हटलं, गिरणी माझ्या राजीनाम्यावर चालते का? ती म्हणाली, देवाला काय कळतं ते तुला कळत नाही. मग दोघी रडलो. मग तिने मला लाडू दिला, दिवाळीचा शेवटचा. खाल्ला.

विचार करून डोकं शिणलं. पैशाच्या बाजूने बघितलं तर दुसरा रस्ताच नाही, नोकरीत राहायचं. शाळेतलं पोरही सांगेल. पण मागे घेतला की या घरात पहिली मी म्हणणार, संपलं. सगळी चाळ अजून म्हणत नाही, गेटवर उन्हात उभी असलेली माणसं म्हणत नाहीत. आणि मी, जी कधी गेटवर गेलेच नाही, गिरगावात पंख्याखाली बसते, मी म्हणायचं. बाबांच्या तोंडावर.

आणि मागे नाही घेतला तर डिसेंबरात वाण्याला काय सांगू. कौल उजवा आहे, थांब?

२५ नोव्हें.

शि.ला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाई, तुम्ही मागे घ्या आणि घरी सांगूच नका. सकाळी डबा घेऊन निघा, घरी सांगा आर्किटेक्टकडे बसून काम करते. शीटचे पैसे म्हणून पगार द्या.

किती सोपं. तासभर मलाही पटलं. मग डोळ्यांपुढे आलं, माझं काम येणार म्हणून बाबा बोर्डावर रोज फडकं मारतात हल्ली.

२६ नोव्हें. शुक्रवार

घरी आले तर बाबा नव्हते. नेहमी पाचला येतात गेटवरून. दिवे लागल्यावर आले. शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले. आईने विचारलं, कुठे होतात. म्हणाले, प्रभादेवीला. नवीन बिल्डिंग झाली तिथे वॉचमन पाहिजे होता, गावचा एक जण आहे तिथे. उद्यापासून ये म्हणाले. दिवसपाळी.

वॉचमन. मार्चमध्ये असल्याच कामाचा निरोप आला होता तेव्हा म्हणाले होते, परमनंट माणूस मी, चार मागांचा मालक, दुसऱ्याच्या दाराला सलाम ठोकू? जेवले नव्हते त्या दिवशी.

त्यांनीच मग सांगितलं, माझ्याकडे न बघता, बोर्डाकडे बघून. "कौल खोटो नाय. उशीर लागतलो, इतक्याच. तोपर्यंत..." आणि पुढे नाही. चप्पल काढली, नीट जोडून ठेवली, बसले.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, जाऊ नका, मी उद्या मागे घेते, तुम्ही गेटवरच जा, रोज जा. नाही सांगितलं. ते सांगणं म्हणजे परत तेच झालं असतं. मी मागे घेतला तर मी म्हटलं की गिरणी गेली. नाही घेतला तर खाकी घालून ते म्हणणार. कुणाच्या तरी तोंडून ते निघणारच आहे आणि दोघांपैकी कुणाच्या, तेवढंच माझ्या हातात. एवढं असहाय मला कावीळ झाली होती तेव्हाही वाटलं नाही.

२७ नोव्हें. शनिवार. ऑफिस, साडेबारा

आईने सकाळी दोन डबे भरले. गिरणीचा तो चार पुडांचा डबा वर्षभर माळ्यावर होता, खाली काढून चिंचेने घासला. इतकी आनंदात होती. गॅलरीतून राणेवहिनींना म्हणाली, सुरू झालं हो यांचं परत. कशाचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. बाबा माझ्याआधी निघाले. जिन्यात खाली वळताना वर बघितलं. मी हात केला. त्यांनी डबा उचलून दाखवला.

मागे घेण्याचा अर्ज पर्समध्ये आहे, काल लिहिलेला. सही केलेली नाही.

शनिवार, दीडला ऑफिस बंद. साहेब आत्ता केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. "बोला परबबाई, काय ठरलं?"

हे शीट पुरं करून सांगते, म्हटलं. ते आत गेले. शीट केव्हाच पुरं झालंय. शाई वाळतेय, मी नुसती बोर्डापाशी बसलेय आणि हे लिहितेय.